केंद्रातल्या शिक्षकांची संगणक कार्यशाळा घ्यायची पहिलीच वेळ असेल तर

केंद्र म्हणजे आसपासच्या शाळांचा गट आणि शिक्षण परिषद म्हणजे त्या शाळांच्या शिक्षकांची बैठक. केंद्रप्रमुखांचा फोन साधारण असा येतो: "सर, पुढच्या शिक्षण परिषदेत तंत्रज्ञानाचं तुम्हीच घ्या. तुम्हाला येतं सगळं." आपल्याला येतं म्हणजे काय, तर शाळेच्या माहितीचा सरकारी फॉर्म, म्हणजे यूडायस, आपण भरतो, कोणाचा प्रिंटर अडला तर कागद आपण ओढून काढतो आणि ग्रुपवर कोणी 'लिंक उघडत नाही' म्हटलं की उत्तर आपण देतो. एवढ्या भांडवलावर माणूस 'तंत्रस्नेही' ठरतो. मग एक दिवस पंचवीस-तीस सहकाऱ्यांसमोर उभं राहावं लागतं आणि त्यातले निम्मे वयाने, नोकरीने आपल्यापेक्षा मोठे असतात.

माझ्या पहिल्या कार्यशाळेला मी सत्तर स्लाइडचं सादरीकरण नेलं होतं. दोन आठवडे खपून केलेलं. सगळे शांत बसून बघत होते, त्यामुळे मला वाटलं, रंगली. चहाच्या वेळी एक ज्येष्ठ गुरुजी जवळ आले आणि म्हणाले, "छान झालं हो. सिनेमा बघितल्यासारखं वाटलं." हे कौतुक नव्हतं, हे माझ्या डोक्यात शिरायला संध्याकाळ झाली. दिवसभरात त्या खोलीत कळफलकाला हात लावलेला माणूस एकच होता, तो म्हणजे मी.

तेव्हापासून माझा नियम एकच आहे. ज्याला येत नाही, त्याच्या हातात माऊस. बाकी खाली जे लिहिलंय ते हा नियम दिवसभर टिकावा म्हणून करायची व्यवस्था आहे. यात नवीन काही नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला तो हाताने काम करत शिकण्यासाठीच. आपणही वर्गात मुलांना मणी मोजायला देतो, नुसते दाखवत नाही. शिक्षकांना शिकवायची वेळ आली की मात्र हे कसं कोण जाणे विसरतो.

पंधरा दिवस आधी: विचारायचं काय

'संगणक येतो का?' असं कोणालाही विचारू नका. सगळे 'येतो' म्हणतील आणि खोटंही बोलणार नाहीत, कारण एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र सेवापुस्तकात लागलेलं असतं. ते मिळाल्यावर मधल्या वर्षांत हात गंजला ही वेगळी गोष्ट.

त्याऐवजी ग्रुपवर तीन प्रश्न टाका. गेल्या महिन्यात कोणत्या कागदाने तुमची संध्याकाळ खाल्ली? तुमच्या शाळेत चालू स्थितीतला लॅपटॉप किंवा संगणक आहे का आणि तो किती जुना? मराठी कशात टाइप करता, फोनवर बोलून, फोनवर बोटाने की संगणकावर? तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं वाचली की पाणी कुठे मुरतंय ते कळतं. आमच्याकडे निम्म्यांनी लिहिलं होतं, "पेपर बाजारातून टाइप करून आणतो."

पहिल्या प्रश्नाच्या उत्तरांतून दिवसाचा विषय निघतो. सकाळी शाळेच्या कामाचं एक, दुपारी वर्गात वापरायचं एक, अशी दोनच कामं घ्या. वरून आलेल्या पत्रात आठ विषयांची यादी असली तरी दोनच. यादीतले बाकीचे सहा विषय 'माहितीपर' म्हणून दहा मिनिटांत उरकता येतात आणि त्याने कोणाचं काही बिघडत नाही.

तारीख ठरवताना यूडायस भरायचे दिवस टाळा. परीक्षा आणि पगारबिलाचे दिवसही टाळा. पूर्ण दिवस मागा. परिषदेतल्या इतर सूचनांनंतरचा उरलेला दीड तास पदरात पडत असेल, तर त्यात फक्त दुपारचं काम घ्या.

आदल्या दिवशी: वीज, नेट आणि खोली

हे काम कोणाच्या लक्षातही येत नाही आणि कार्यशाळा बुडते ती बहुतेक वेळा इथेच.

विजेचं गणित कागदावर मांडा. आपल्या भिंतीवरच्या साध्या सॉकेटला सहा अँपिअरची मर्यादा असते, म्हणजे २३० व्होल्टला साधारण १,३८० वॅट. लॅपटॉपचा चार्जर ६५ वॅटचा धरला तर वीस लॅपटॉप मिळून १,३०० वॅट झाले. त्यात तीनशे वॅटचा प्रोजेक्टर त्याच बोर्डाला जोडला की मर्यादा ओलांडली. एक्स्टेन्शनला एक्स्टेन्शन लावत गेलात तर वायर तापते आणि दुपारी कधीतरी जळका वास येतो. म्हणून दोन वेगवेगळ्या भिंतींवरच्या सॉकेटवरून वीज घ्या, प्रोजेक्टर स्वतंत्र ठेवा. सगळ्यांना सांगा, लॅपटॉप घरून पूर्ण चार्ज करून आणा. पावसाळ्याचे दिवस असतील तर लाईट जाणार हे गृहीतच धरा आणि दुपारचं काम फोनवर होण्यासारखं निवडा.

नेटचं तसंच. एका फोनच्या हॉटस्पॉटवर आठ-दहा उपकरणं चढतात, अकराव्याला जागा नसते. तीन-चार फोन ठरवून ठेवा, शक्यतो वेगवेगळ्या कंपन्यांचे. कुठली रेंज त्या खोलीत येते ते त्या खोलीतच जाऊन बघा, व्हरांड्यात नाही. आणखी एक गोष्ट मला फटका बसल्यावर समजली. शाळेचा लॅपटॉप महिनोन्‌महिने नेटला जोडलेला नसतो. हॉटस्पॉट मिळाला की तो आधी विंडोजचे अपडेट ओढायला लागतो आणि दीड जीबीचा दिवसाचा डेटा चहाच्या आत संपतो. म्हणून प्रत्येक लॅपटॉपवर त्या वाय-फायच्या गुणधर्मांत जाऊन 'मीटर्ड कनेक्शन' चालू करून घ्या.

प्रोजेक्टर आदल्या दिवशी स्वतः लावून बघा. त्याला जुनं निळं व्हीजीए आहे आणि तुमच्या लॅपटॉपला फक्त एचडीएमआय, हे सकाळी दहाला कळू नये. चित्र पडद्यावर येत नसेल तर विंडोजची कळ आणि पी एकत्र दाबून 'डुप्लिकेट' निवडा, बहुतेक वेळा एवढंच असतं. खिडक्यांना आतून काळे कार्डशीट लावा. आणि मागच्या भिंतीला टेकून बसा, तिथून आकडे वाचता येतात का ते बघा. एक्सेल असेल तर झूम १५० च्या खाली ठेवू नका.

बाकं यू आकारात, लॅपटॉप भिंतीच्या बाजूला आणि माणसांची पाठ मधल्या मोकळ्या जागेकडे. म्हणजे मधे उभं राहून तुम्हाला सगळ्यांचे पडदे दिसतात. रांगेत बसवलंत तर तुम्हाला फक्त चेहरे दिसतील आणि चेहरे नेहमी 'समजलं' असंच म्हणतात.

सकाळचे पहिले चाळीस मिनिटं

याला मी 'पासवर्डचा तास' म्हणतो. वेळापत्रकात तो लिहूनच टाका, कारण तो लिहिला नाही तरी जाणारच आहे.

निम्म्या लोकांचं जीमेल खातं फोन घेताना दुकानदाराने काढून दिलेलं असतं. पासवर्ड दुकानदाराला माहीत होता, आता त्यालाही नाही. पासवर्ड बदलायला गेलं की ओटीपी जातो जुन्या नंबरवर, तो नंबर आता मुलाकडे, मुलगा पुण्याला कॉलेजात आणि तो लेक्चरमध्ये फोन उचलत नाही. हसण्यावारी नेऊ नका. पंचवीस जणांच्या केंद्रात असे सहा-सात निघतात.

म्हणून पंधरा दिवस आधीच्या निरोपात एक ओळ घाला: येताना स्वतःचं जीमेल एकदा दुसऱ्या फोनवर उघडून बघा, उघडलं नाही तर मला फोन करा. जे तरीही अडतील त्यांच्यासाठी सकाळचं काम खात्याशिवाय होणारं ठेवा. लॅपटॉपवरच्या एक्सेलला लॉगिन लागत नाही. खातं दुरुस्त करायचं काम एका तरुण सहकाऱ्याकडे कोपऱ्यात सोपवा आणि तुम्ही पुढे जा.

त्याच तासात एक चिठ्ठी सगळ्यांच्या हातात द्या. आजचे पासवर्ड कागदावर लिहायचे, तो कागद पाकिटात ठेवायचा, फोटो काढून ग्रुपवर टाकायचा नाही. असा फोटो टाकणारे निघतात. मुलांच्या आधार क्रमांकांची यादीसुद्धा ग्रुपवर टाकणारे आहेत. सरावासाठी कोणाही खऱ्या मुलाचं नाव किंवा आधार वापरायचं नाही, हे इथेच सांगून टाका. आमच्या सरावाच्या यादीत कुमार भोपळे, कुमारी दोडके आणि कुमार कोथिंबिरे असतात. बेरीज करताना हसू येतं, ते फायद्याचंच ठरतं.

जोड्या लावताना

एका लॅपटॉपवर दोघे. ज्याला बरं येतं त्याच्या शेजारी ज्याला कमी येतं तो. आणि माऊस, कळफलक दिवसभर ज्याला कमी येतं त्याच्याच पुढ्यात. जाणत्याने फक्त तोंडाने सांगायचं. बोट दाखवायलाही हरकत नाही, पण पडद्यावर दाखवायचं, कळ दाबायची नाही.

हा नियम मोडणारा पहिला माणूस बहुधा तुम्ही स्वतः असाल. कोणीतरी अडतं, पाच जण खोळंबतात आणि तोंडातून निघतं, "द्या इकडे, मी करून देतो." तीन सेकंदांत काम होतं आणि शिकणाऱ्याच्या हातून ते कायमचं सुटतं. मी हात पाठीमागे बांधून फिरतो. अक्षरशः. केंद्रातले लोक त्यावरून माझी नक्कलही करतात.

"माझी दोन वर्षं राहिलीत, मला कशाला आता?" हे वाक्य येणारच. वाद घालू नका. त्या बाईंना किंवा गुरुजींना विचारा, यंदाच्या निकालाच्या बेरजा कोण तपासून देणार? मग त्यांनाच पहिल्या लॅपटॉपवर बसवा. हाताने तीस वर्षं निकालपत्रकं केलेल्या माणसाला बेरीज चुकली की लगेच दिसतं, तुमच्या-माझ्या आधी.

मराठी टंकलेखन: इथे घाई नको

सकाळचं काम निकालपत्रकाचं असलं तरी त्यात नावं मराठीत लागतात. त्यामुळे अर्धा-पाऊण तास टंकलेखनाला द्या. मला विचाराल तर दिवसातला सगळ्यात कामाचा वेळ हाच.

आधी जुन्या फाँटचा घोळ स्पष्ट करा. शिवाजी, कृतिदेव, श्री-लिपी यांत टाइप केलेला मजकूर संगणकाच्या दृष्टीने मराठी नसतोच. ती इंग्रजी अक्षरं असतात, त्यांना फक्त मराठी कपडे घातलेले असतात. तोच फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की कपडे उतरतात आणि इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. पेनड्राइव्हमधून नेलेला पेपर झेरॉक्सच्या दुकानात असा निघाला नाही, असा शिक्षक विरळा. युनिकोडमध्ये टाइप केलं, म्हणजे मंगल, कोकिळा, निर्मला असे फाँट वापरले, तर अक्षर हे अक्षरच राहतं. फोनवर, पोर्टलवर, कुठेही.

विंडोज १० किंवा ११ मध्ये सेटिंगमधल्या 'टाइम अँड लँग्वेज'मध्ये जाऊन मराठी भाषा जोडायची. हे काम आदल्या दिवशीच सगळ्या लॅपटॉपवर उरकून ठेवा. मग विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबलं की इंग्रजीतून मराठी, मराठीतून इंग्रजी. मराठीत दोन पर्याय दिसतील. एक फोनेटिक, त्यात इंग्रजी स्पेलिंगसारखं टाइप करायचं. दुसरा इनस्क्रिप्ट. ज्यांना आठवड्यातून एकदा चार ओळी लिहायच्या आहेत त्यांना फोनेटिक पुरे. रोज लिहिणाऱ्याने इनस्क्रिप्ट शिकावा, असं माझं ठाम मत आहे, कारण तो आपल्या वर्णमालेच्या डोक्याने चालतो. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला.

सुरुवात 'वर्ष' या शब्दाने करा. 'शैक्षणिक वर्ष' प्रत्येक तक्त्यात लागतं. इनस्क्रिप्टमध्ये तो असा येतो: इंग्रजी बी दाबला की व, जे दाबला की र, डी दाबला की पाय मोडतो, मग शिफ्ट धरून स्वल्पविराम म्हणजे ष. पडद्यावर आधी 'वर्' दिसतं, पायमोडका र लंगडत उभा. ष दाबल्याबरोबर तो र उडी मारून ष च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. हे पहिल्यांदा बघणाऱ्याच्या तोंडून 'अरे!' निघतंच. पुढचे शब्द तेच मागून घेतात: सूर्य, पर्यवेक्षक, कार्यालय.

टायपिंगची जुनी परीक्षा दिलेले लोक इथे अडखळतात. टंकलेखन यंत्रावर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची आणि रफार अक्षर झाल्यावर. इथे जसं बोलतो तसं. 'शि' म्हणताना आधी श, मग वेलांटी. त्यांचं बोट सवयीने आधी वेलांटीकडे जातं आणि पडद्यावर एक ठिपक्यांचं वर्तुळ उगवतं. ते वर्तुळ दिसलं की समजायचं, क्रम उलटा झाला. खोडा आणि पुन्हा.

आणि एक खास मराठी गोष्ट. 'दुसऱ्या', 'सुट्टीवर जाणाऱ्या' यांतला र, तो रफार नाही आणि साधा र-ला-य ही नाही. साधा र घेऊन पाय मोडला तर 'दुसर्या' असं दिसतं आणि भाषेच्या बाई लगेच भुवया वर करतात. त्यासाठी शिफ्ट धरून जे दाबायचा, मग डी, मग य. बरेच जण वर्षानुवर्षं टाइप करतात आणि ही एक कळ त्यांना माहीत नसते. कार्यशाळेत ही सांगितलीत की मराठीचे शिक्षक तुमच्या बाजूचे झाले म्हणून समजा.

फोनवर लिहिणाऱ्यांसाठी जीबोर्ड या गुगलच्या कळफलकामध्ये मराठीत बोलून लिहिण्याची सोय आहे, बोटाने गिरवून लिहिण्याचीही आहे. बोलून लिहिलेल्यात विरामचिन्हं आपली आपल्यालाच घालावी लागतात, तेवढं ध्यानात ठेवायला सांगा.

निकालपत्रक: एक चूक मुद्दाम करायला लावा

पाचवीचं पत्रक घ्या, कारण तिथे आकारिक (वर्गात वेळोवेळी केलेल्या मूल्यमापनाचे) पन्नास आणि संकलित (सत्राअखेरच्या परीक्षेचे) पन्नास असा सोपा हिशोब आहे. ए स्तंभात क्रमांक, बी मध्ये नाव, सी मध्ये आकारिक, डी मध्ये संकलित, ई मध्ये एकूण, एफ मध्ये श्रेणी. वरची ओळ शीर्षकाची, दुसऱ्या ओळीपासून कुमार भोपळे आणि मंडळी. दहा मुलं पुरेत.

गुण इंग्रजी अंकांत टाकायला सांगा. मराठी अंक किंवा आकड्यामागची एखादी मोकळी जागा यामुळे एक्सेल तो आकडा मजकूर समजून बेरजेतून वगळू शकतं. ओळखायची खूण सोपी आहे: आपण काही बदललेलं नसेल तर आकडा घराच्या (सेलच्या) उजव्या कडेला टेकतो, मजकूर डाव्या. डावीकडे सरकलेला आकडा दिसला की तो संशयित.

बेरीज सगळ्यांना जमते: बरोबरचं चिन्ह, सम, कंसात सी २ ते डी २. खरी गंमत श्रेणीत आहे. बाजूला एच स्तंभात, दुसऱ्या ओळीपासून, प्रत्येक श्रेणीचे किमान गुण चढत्या क्रमाने लिहायचे: ०, २१, ३३, ४१, ५१, ६१, ७१, ८१, ९१. त्यांच्या शेजारी आय स्तंभात ई-२, ई-१, ड, क-२, क-१, ब-२, ब-१, अ-२, अ-१. मग एफ मध्ये लुकअपचं सूत्र: कोणाला शोधायचं तर ई २ ला, कुठे शोधायचं तर एच २ ते एच १० मध्ये, आणून काय द्यायचं तर आय २ ते आय १०. चढता क्रम मोडला तर लुकअप चुकतो, हे एकदा मोडून दाखवा.

आता भोपळ्यांची श्रेणी आली. सूत्र खाली ओढायला सांगा आणि गप्प उभे राहा. वरवर सगळं छान दिसतं. ८५ वाल्याला अ-२, बरोबर. ७२ वालीला ब-१, बरोबर. मग पाचव्या मुलाला ४५ गुण आहेत आणि त्याच्या श्रेणीच्या घरात हॅश, एन, तिरकी रेघ, ए असं काहीतरी. लोक म्हणतात, संगणक हँग झाला. नाही झाला. सूत्र चार घरं खाली आलं तसा श्रेणीचा तक्ताही चार घरं खाली सरकला. पाचव्या मुलाच्या दृष्टीने तक्ता सुरू होतो तोच ५१ पासून, मग ४५ त्याला सापडणार कुठे? हुशार मुलांच्या श्रेण्या बरोबर निघतात आणि मागच्यांच्या बिघडतात, म्हणूनच ही चूक वरच्या चार नावांवर नजर टाकणाऱ्याच्या हातून निसटते.

उपाय डॉलरचं चिन्ह. सूत्रात एच २ ते एच १० ही घरं माऊसने ओढून घेतल्या घेतल्या एफ ४ दाबायची, डॉलर आपोआप बसतात आणि तक्त्याला खुंटी ठोकली जाते. आय च्या घरांनाही तसंच. बऱ्याच लॅपटॉपवर नुसतं एफ ४ दाबलं तर आवाज किंवा उजेड कमी-जास्त होतो, तिथे एफएन धरून एफ ४. मग पुन्हा ओढायचं.

ही चूक आधीच टाळून शिकवता येते. मी तसं करत नाही. जो चुकला आणि ज्याने स्वतःच्या हाताने खुंटी ठोकली, त्याला वर्षभराने विचारलं तरी आठवतं.

शेवटी तपासणी. सीमेवरचे गुण टाकून बघा: ३२ आणि ३३, ४० आणि ४१, ९० आणि ९१. आणि गैरहजर मुलाच्या घरात 'गैरहजर' लिहून बघा. बेरीज तो शब्द सोडून देते, एकूण शून्य येतं आणि लुकअप त्याला इमाने इतबारे ई-२ देऊन टाकतो. असं पत्रक सहीला गेलं तर काय होईल ते मुख्याध्यापकांना विचारा, ते सविस्तर सांगतील.

जेवणानंतर: फोन आणि पाठ्यपुस्तक

दुपारी डोळे मिटतात. म्हणून या वेळात कोणालाही बसू देऊ नका.

प्रत्येकाने स्वतःच्या इयत्तेचं बालभारतीचं पुस्तक आणलेलं असावं. धड्याजवळ क्यूआर कोड असतो, तो दीक्षा या सरकारी शैक्षणिक अ‍ॅपने स्कॅन करायचा. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड ही कल्पना ज्यांच्यामुळे गाजली ते रणजितसिंह डिसले सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवत होते, २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला आणि बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. हे खोलीत एका वाक्यात सांगायला हरकत नाही, आपल्यासारख्याच शाळेतलं आहे म्हणून. पण लगेच कामाला लावा.

स्कॅन होत नसेल, पुस्तकाचं पान चुरगळलं असेल, कॅमेऱ्याची काच पुसट असेल, तर कोडच्या खाली छापलेली सहा अक्षरं टाइप करायची. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मग आवडलेला व्हिडिओ तिथेच डाउनलोड करायचा. आता सगळ्यांनी फोन विमान मोडवर टाकायचा आणि तो नेटशिवाय चालवून दाखवायचा. हा प्रयोग वगळू नका. उद्या वाडीवरच्या शाळेत रेंज नसणार आहे आणि 'तिथे चाललं, इथे नाही' हे ऐकायची वेळ येऊ नये.

मग चार-चार जणांचे गट. प्रत्येकाने उरलेल्या तिघांना पाच मिनिटांचा पाठ घ्यायचा, त्यात डाउनलोड केलेला तुकडा वापरायचा. अट एकच: दीड-दोन मिनिटांच्या आत थांबवायचा आणि एक प्रश्न विचारायचा. 'आता पुढे काय होईल?' एवढा प्रश्नही चालेल. बारा मिनिटांचा व्हिडिओ सलग लावून खुर्चीत बसलेला शिक्षक हे दृश्य आपण सगळ्यांनी पाहिलंय, काहींनी आरशात.

याच वेळात फुटकळ कामंही निघतात. कागद स्कॅन करायचं अ‍ॅप आणि फायली पाठवायचं अ‍ॅप कोणतं, हे हमखास विचारतात, कारण जून २०२० मध्ये केंद्र सरकारने ५९ अ‍ॅपवर बंदी घातली त्यात शेअरइट, झेंडर आणि कॅमस्कॅनर तिन्ही गेले. काही जुन्या फोनमध्ये ती अजून पडलेली असतात, काढून टाकायला सांगा. स्कॅनसाठी गुगल ड्राइव्हमध्येच कॅमेऱ्याची खूण आहे, अँड्रॉइड फोनवरून जवळच्या फोनवर फाइल पाठवायला क्विक शेअर.

पंधरा दिवस नंतर

अभिप्रायाचा फॉर्म भरून घ्या, मागितला जातो. सगळे 'उत्तम' लिहितील. तो फाइलला लावा आणि विसरा.

त्याऐवजी निघताना प्रत्येकाकडून एका कागदावर एक ओळ घ्या: पुढच्या पंधरा दिवसांत मी स्वतःच्या हाताने काय करणार. 'घटक चाचणीचं पत्रक एक्सेलमध्ये करीन', 'पाचवीचा एक धडा दीक्षावरून घेईन', एवढंच. कागद तुमच्याकडे ठेवा. पंधराव्या दिवशी फोन करा, ग्रुपवर विचारू नका. ग्रुपवर अंगठे येतात, फोनवर अडचण येते. "सर, त्या डॉलरचं काय ते विसरलो" असा फोन आला तर समजा, त्याने खरंच बसून केलं आहे.

अडचण सोडवतानाही स्क्रीनशॉट मागवा, फाइल मागवू नका. फाइल आली की तुम्ही दुरुस्त करून पाठवाल, मी स्वतःला ओळखून सांगतोय. स्क्रीनशॉटवर गोल करून 'या घरात बघा' म्हणता येतं, हात त्यांचाच राहतो.

केंद्रात ज्यांचं जमलं अशा दोघांना पुढच्या वेळी जोडीला घ्या. ते तुमच्यापेक्षा चांगलं शिकवतात, कारण कुठे अडतं ते त्यांना ताजं आठवत असतं. आमच्याकडे ज्या गुरुजींना पहिली कार्यशाळा सिनेमासारखी वाटली होती, ते आता श्रेणीच्या तक्त्याचा भाग घेतात. हात पाठीमागे बांधून.

आणि खोली सोडताना एक्स्टेन्शन बोर्ड मोजून घ्या. कोणाच्या शाळेचा कुठला, हे स्केचपेनने आधीच लिहून ठेवलेलं नसेल तर पुढची शिक्षण परिषद त्यावरच होते.